बोल्ट ॲक्शन शिकारी रायफलींचे कालनिर्धारण

बोल्ट ॲक्शन शिकारी रायफलींचे कालनिर्धारण म्हणजे जुन्या, हाताने बोल्ट मागे-पुढे सरकवून भरल्या जाणाऱ्या रायफलींचा निर्मितीकाळ त्यांच्या रचनेतील बदल, ठसे, क्रमांक आणि सोबतची कागदपत्रे यांवरून ठरविण्याची पद्धत होय. कारखान्यांनी एकाच नावाची रायफल अनेक दशके बनविली, पण त्या काळात बोल्ट, सुरक्षा खटका, मॅगझिन, नेमपट्टी आणि लाकडी साठा यांत लहानमोठे फेरफार केले. त्या फेरफारांच्या तारखा ठाऊक असल्यास हातातील रायफल कोणत्या वर्षापूर्वीची असू शकत नाही, हे सांगता येते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या विषयाला केवळ संग्राहकांच्या हौसेपुरते महत्त्व नाही. वारसाहक्काने आलेली रायफल कोणत्या काडतुसाची आहे, तिचे बोअर कायद्याने निषिद्ध आहे काय, ती आजही गोळी झेलण्याइतकी मजबूत आहे काय, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी तिच्या वयावर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

बोल्ट ॲक्शन रचनेत नळीच्या मागील तोंडाशी एक दंडगोलाकार बोल्ट असतो. त्याची मूठ उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलली की मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत शिरते आणि मूठ खाली दाबली की बोल्ट कुलूपबंद होतो. बोल्ट ज्या पोलादी सांगाड्यात सरकतो त्याला रिसीव्हर म्हणतात. प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्रायझेची ‘सुईची बंदूक’ ही या प्रकारातील पहिली यशस्वी लष्करी बंदूक मानली जाते. धातूच्या पुंगळीचे काडतूस वापरणारी माउझरची पहिली रायफल १८७१ मध्ये जर्मन सैन्यात आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू प्रचारात आल्यावर या रायफली शिकारीसाठीही लोकप्रिय झाल्या. भारतात आढळणाऱ्या जुन्या शिकारी बोल्ट ॲक्शन रायफली मुख्यतः दोन कुळांतील आहेत: ब्रिटिश ‘ली’ कुळ आणि जर्मन ‘माउझर’ कुळ. त्यांखेरीज ऑस्ट्रियन मॅनलिखर-शोनाउअर आणि काही अमेरिकन रायफलीही दिसतात.

मूलभूत तत्त्व

कालनिर्धारणाचे पहिले तत्त्व पुरातत्त्वशास्त्रातील तत्त्वासारखेच आहे. उत्खननातील एखाद्या थरात सापडलेले सर्वांत नवे नाणे त्या थराची प्राचीनतम शक्य तारीख ठरविते. त्याचप्रमाणे रायफलीवरील सर्वांत नवे मूळ वैशिष्ट्य हे ती रायफल त्याआधी तयार झालेली नाही एवढे निश्चितपणे सांगते. जुने वैशिष्ट्य मात्र काहीच सिद्ध करीत नाही. शिल्लक राहिलेले जुने सुटे भाग कारखाने पुढील काही वर्षे वापरीत असत.

दुसरे तत्त्व असे की, रायफल ही एकाच दिवशी जन्मलेली वस्तू नसते. रिसीव्हर, नळी, बोल्ट आणि साठा यांचा इतिहास वेगवेगळा असू शकतो. नळी झिजली की बदलली जाते. लाकूड फुटले की नवे बसविले जाते. लष्करी रायफलीचा पुढचा लाकडी भाग कापून ती शिकारीसाठी हलकी केली जाते. म्हणून जाणकार ‘रायफल कोणत्या सालातील’ असे न विचारता तीन प्रश्न वेगळे ठेवतात:

• रिसीव्हर केव्हा बनविला गेला?
• रायफल सध्याच्या स्वरूपात केव्हा जुळविली गेली?
• ती भारतात, व सध्याच्या कुटुंबात, केव्हा आली?

साधारणतः रिसीव्हरची तारीख हीच रायफलीची तारीख मानली जाते, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने नळीची तारीख तितकीच महत्त्वाची असते.

ली कुळातील रचनाबदल

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने १८७९ मध्ये बोल्टखाली बसणाऱ्या पेटीसारख्या मॅगझिनचे पेटंट घेतले. त्याच्या रचनेतील बोल्टचे कुलूपबंद होणारे उंचवटे (लग) बोल्टच्या मागील भागात असतात आणि स्ट्रायकरची कमान बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते. या दोन खुणांवरून ली कुळाची रायफल चटकन ओळखता येते.

ब्रिटनने १८८८ मध्ये या रचनेला विल्यम मेटफर्डच्या उथळ, गोलसर अशा सात आट्यांच्या नळीची जोड देऊन रायफल स्वीकारली. तिलाच पुढे ली-मेटफर्ड हे नाव मिळाले. कॉर्डाइट ही नवी दारू वापरात आल्यावर तिच्या उष्णतेने हे उथळ आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने पाच खोल व चौकोनी आट्यांची नळी बसविली आणि ली-एनफिल्ड रायफलीचा जन्म झाला. नळीत प्रकाश टाकून आट्यांची संख्या मोजणे ही त्यामुळे कालनिर्धारणाची सर्वांत सोपी चाचणी ठरते. सात उथळ आटे असल्यास नळी मेटफर्ड पद्धतीची आहे. पाच आटे असल्यास नळी १८९५ नंतरच्या पद्धतीची आहे, मग रिसीव्हर त्याहून जुना का असेना.

पुढील प्रमुख टप्पे खालील कोष्टकात दिले आहेत.

| वर्ष | आवृत्ती | ओळखण्याची खूण |
|---|---|---|
| १८८८ | ली-मेटफर्ड मार्क १ | आठ काडतुसांचे एकेरी रांगेचे मॅगझिन |
| १८९२ | ली-मेटफर्ड मार्क २ | दहा काडतुसांचे दुहेरी रांगेचे मॅगझिन |
| १८९५ | ली-एनफिल्ड मार्क १ | पाच आटे. सुरक्षा खटका बोल्टच्या मागील टोकावर |
| १८९९ | ली-एनफिल्ड मार्क १* | नळीखालील साफसफाईची सळई काढून टाकली |
| १९०२ | शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क १ | सुमारे ६४ सेंमी नळी. सुरक्षा खटका रिसीव्हरच्या डाव्या बाजूस |
| १९०७ | मार्क ३ | चार्जरपट्टीसाठी रिसीव्हरवर कायमचा पूल |
| १९१६ | मार्क ३* | मॅगझिन कटऑफ, दूरनेम आणि वाऱ्यासाठीची आडवी जुळणी वगळली |
| १९२६ | नावात बदल | ‘शॉर्ट ली-एनफिल्ड’ ऐवजी ‘नंबर १ रायफल’ |
| १९३९ | नंबर ४ मार्क १ | जड नळी. रिसीव्हरच्या मागे छिद्रनेम |
| १९४४ | नंबर ५ | आखूड ‘जंगल कार्बाइन’. नळीच्या तोंडाशी नरसाळे |

यांपैकी १९०७ आणि १९१६ हे टप्पे शोधकाला सर्वाधिक उपयोगी पडतात. मार्क १ मध्ये पाच काडतुसांची पट्टी धरणारा एक आधार रिसीव्हरवर तर दुसरा बोल्टच्या डोक्यावर सरकता होता. मार्क ३ मध्ये दोन्ही आधार जोडणारा एकसंध पूल रिसीव्हरवर आडवा बसविला गेला. पहिल्या महायुद्धात उत्पादन झपाट्याने वाढविणे भाग पडल्याने मॅगझिन कटऑफ ही पातळ पोलादी पट्टी, साठ्याच्या डाव्या बाजूची दूरनेमाची तबकडी आणि मागील नेमपट्टीची आडवी जुळणी वगळण्यात आली. काही कारखान्यांनी पट्टी वगळूनही तिच्यासाठीची खाच कापणे चालू ठेवले. म्हणून खाच दिसली म्हणजे रायफल १९१६ पूर्वीची, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने याच यंत्ररचनेवर नागरिकांसाठी ‘ली-स्पीड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकारी रायफली १८९० च्या दशकापासून बनविल्या. त्यांचा अर्धा साठा, नाजूक मूठ आणि उघडझाप करणारी नेमपाने लष्करी रायफलींहून वेगळी असतात. या रायफलींत सुरक्षा खटका जुन्या पद्धतीप्रमाणे बोल्टच्या मागील टोकावरच राहिला. त्यामुळे लष्करी रायफलीसाठीचे खटक्याचे गणित ली-स्पीडला लावल्यास तारीख चुकते.

ईशापूरच्या रायफली

बंगालमधील ईशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला. तेथे बनलेल्या ली-एनफिल्डच्या साठ्यापाशी असलेल्या पोलादी खोबणीवर मुकुट, ‘जीआरआय’ ही अक्षरे (जॉर्ज, राजा आणि सम्राट), ‘ईशापूर’ हे नाव आणि वर्ष कोरलेले असते. ब्रिटनमध्ये बनलेल्या रायफलीवर त्याच जागी केवळ ‘जीआर’ असते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेने आणि ‘आरएफआय’ या अक्षरांनी घेतली.

ईशापूरच्या कारागिरांनी केलेले काही फेरफार वर्षाचा ठसा पुसला गेला असला तरी रायफलीचे भारतीयत्व उघड करतात. पुढच्या साठ्यातून आडवा जाणारा मजबुतीचा स्क्रू आणि रिसीव्हर जेथे लाकडाला धक्का देतो तेथे बसविलेल्या धातूच्या पट्ट्या ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. येथील उष्ण-दमट हवेत लाकूड आक्रसते किंवा फुगते व धक्क्याने चिरते, हा त्यामागील अनुभव होता. दुरुस्तीसाठी आलेल्या ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन रायफलींनाही असे स्क्रू बसविले गेल्याने हा स्क्रू निर्मितीचा नव्हे, तर भारतातील दुरुस्तीचा पुरावा मानावा लागतो.

ईशापूरने दोन आणखी प्रकार तयार केले, ज्यांची गल्लत वारंवार होते. पहिला म्हणजे पोलीस व तुरुंगरक्षकांसाठीची .४१० मस्केट. मूळच्या .३०३ रायफलीची नळी गुळगुळीत करून ती एकेक काडतूस भरण्याजोगी केली जाई. तिचे काडतूस .३०३ च्या पुंगळीवर आधारलेले असल्याने ती बाजारातील सामान्य .४१० शॉटगन नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे १९६० च्या दशकातील ‘२ए’ आणि ‘२ए१’. या ७.६२ × ५१ मिमी काडतुसासाठी नव्या, अधिक मजबूत पोलादाने बनविलेल्या रायफली असून त्यांचे मॅगझिन चौकोनी व बारा काडतुसांचे असते. ‘२ए’ ची नेमपट्टी २००० पर्यंत, तर ‘२ए१’ ची ८०० मीटरपर्यंत आखलेली असते. दूरून पाहता दोन्ही जुन्या ‘थ्री नॉट थ्री’सारख्याच दिसतात.

माउझर कुळातील रचनाबदल

पॉल माउझरच्या रचनेत कुलूपबंद होणारे लग बोल्टच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे काडतुसाच्या अगदी जवळ असतात. म्हणून ही रचना अधिक जोरदार काडतुसांना मानवते. १८९३ च्या नमुन्यात काडतुसे साठ्याच्या आत दुहेरी रांगेत सामावली गेली आणि बाहेर लोंबणारी पेटी नाहीशी झाली. मात्र १८९३ आणि १८९५ च्या नमुन्यांत स्ट्रायकरची कमान बोल्ट मिटताना ताणली जाई.

१८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या ‘९८’ नमुन्यात चार महत्त्वाचे बदल झाले:

• बोल्टच्या मागील भागात तिसरा, सुरक्षिततेसाठीचा लग आला.
• कमान बोल्ट उघडताना ताणली जाऊ लागली.
• पुंगळी फुटल्यास वायू बाजूला वळविण्यासाठी बोल्टमध्ये छिद्रे आणि मागे रुंद कडा आली.
• रिसीव्हरचे पुढील कडे अधिक जाड झाले.

बोल्ट हातात घेऊन तिसरा लग पाहणे आणि मूठ उचलताना कमान ताणली जाते काय हे अनुभवणे, या दोन कृतींनी १८९८ पूर्वीची आणि नंतरची माउझर रचना वेगळी करता येते.

ओबर्नडोर्फ येथील माउझर कारखान्याने तयार शिकारी रायफली विकल्या. त्याचबरोबर इंग्लंडमधील रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या बंदूककारांनी माउझरचे रिसीव्हर घेऊन स्वतःच्या रायफली उभारल्या. अशा रायफलींत काडतुसाचे नावच तारखेची खालची मर्यादा ठरविते. .४१६ रिग्बी हे काडतूस १९११ मध्ये, .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ मध्ये, तर .३०० हॉलंड अँड हॉलंड १९२५ मध्ये आले. त्या काडतुसासाठी मुळात बनविलेली रायफल त्याआधीची असू शकत नाही.

रिग्बीने ७ × ५७ मिमी माउझर काडतुसाला .२७५ रिग्बी असे इंग्रजी मापातील नाव दिले. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल सर जे. पी. ह्युएट यांनी भेट दिलेली रायफल याच काडतुसाची आहे. तिच्या साठ्यावरील चांदीच्या पट्टीवर १९०७ हे साल कोरले आहे. अशी पट्टी प्रसंगाची तारीख सांगते. रायफल त्याच वर्षी बनली असे तीवरून सिद्ध होत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या लष्करी ९८ रायफली मोठ्या प्रमाणावर शिकारी रूपात बदलल्या गेल्या. त्यांच्या रिसीव्हरच्या कड्यावर कारखान्याचे नाव व वर्ष असते. १९३४ नंतरच्या पुनर्शस्त्रीकरणाच्या काळात जर्मनीने नावाऐवजी सांकेतिक ठसे वापरले. वर्षासाठी ‘के’ म्हणजे १९३४ व ‘जी’ म्हणजे १९३५ ही अक्षरे होती.

अन्य रायफली

मॅनलिखर-शोनाउअर ही ऑस्ट्रियन रायफल तिच्या फिरत्या चकतीच्या मॅगझिनमुळे आणि नळीच्या टोकापर्यंत गेलेल्या साठ्यामुळे ओळखता येते. तिच्या नमुन्यांची नावे सालांवरून पडली असून प्रत्येकाचे काडतूस वेगळे आहे: १९०३ साठी ६.५ × ५४, १९०५ साठी ९ × ५६, १९०८ साठी ८ × ५६ आणि १९१० साठी ९.५ × ५७ मिमी. येथेही काडतूस वाचणे म्हणजे आवृत्ती वाचणे होय.

अमेरिकन रायफलींत विंचेस्टर मॉडेल ७० चे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये आलेल्या या रायफलीत माउझरप्रमाणे पुंगळीला आधीपासून धरून ठेवणारा लांब आकडा होता. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी तो काढून साधी रचना करण्यात आली आणि नवे क्रमांक ७,००,००० पासून सुरू झाले. म्हणूनच ‘चौसष्टपूर्व’ ही संज्ञा संग्राहकांत रूढ झाली.

स्प्रिंगफील्ड १९०३ च्या बाबतीत क्रमांकाचा संबंध थेट सुरक्षिततेशी आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड कारखान्याचे २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाचे रिसीव्हर जुन्या उष्णता-प्रक्रियेने बनलेले असून त्यांतील काही ठिसूळ निघाले. कारागीर पोलादाचे तापमान नजरेने, त्याच्या रंगावरून ठरवीत. उजेड बदलला की अंदाज चुके. अशा रिसीव्हरच्या रायफली चालवू नयेत, असा संकेत आहे.

राजमुद्रा व प्रूफ ठसे

ब्रिटिश लष्करी रायफलींवरील राजमुद्रा हा ढोबळ कालनिर्देश आहे. ‘व्हीआर’ राणी व्हिक्टोरियाच्या मृत्यूपर्यंत (१९०१), ‘ईआर’ सातव्या एडवर्डच्या काळात (१९०१–१९१०) आणि ‘जीआर’ पाचव्या व सहाव्या जॉर्जच्या काळात आढळते.

नागरी रायफलींवर सरकारी मुद्रेऐवजी प्रूफ हाउसचे ठसे असतात. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी व बोल्टची घेतलेली सक्तीची चाचणी. लंडन आणि बर्मिंगहॅम ही ब्रिटनमधील दोन प्रूफ केंद्रे होत. बर्मिंगहॅमच्या १९०४ च्या नियमांनुसार मुकुटाखाली ‘बीव्ही’ व ‘बीपी’ असे वेगळे ठसे पडत, तर १९५४ च्या नियमांनंतर त्यांऐवजी ‘बीएनपी’ हा एकत्रित ठसा आला व दाब टनांत लिहिला जाऊ लागला. परदेशी बनावटीच्या शस्त्रावर ‘इंग्लंडमध्ये बनविलेले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी ठसा मारण्याची प्रथा १९२५ च्या नियमांतून आली. जर्मनीत धूरविरहित दारूच्या चाचणीसाठी मुकुटाखाली ‘एन’ हे अक्षर असे. १९४० पासून मुकुटाऐवजी गरुड आला.

हे ठसे एकत्र वाचण्याचे एक नमुन्यादाखल उदाहरण असे देता येईल. रिसीव्हरच्या कड्यावर १९१७ हे वर्ष, नळीवर परदेशी बनावटीचा इंग्रजी ठसा आणि शेजारी ‘बीएनपी’ व टनांतील दाब असलेली एक ९८ माउझर शिकारी रायफल आहे. तिचा रिसीव्हर पहिल्या महायुद्धातील आहे. पण सध्याच्या स्वरूपातील रायफल १९५४ च्या नियमांनंतर इंग्लंडमधून तपासून बाहेर पडली आहे. ‘आजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली’ ही कौटुंबिक आख्यायिका या तीन ठशांपुढे टिकत नाही.

भारतातील बोअर निर्बंध आणि .३१५ रायफल

ब्रिटिश भारतात लष्कराची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून नागरिकांना लष्करी बोअरच्या रायफली बाळगण्यास बंदी घालण्यात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील या निर्बंधांमुळे .४५० बोअरच्या शिकारी रायफलींना पर्याय म्हणून .४६५ व .४७० यांसारखी काडतुसे निघाली. .३०३ च्या जागी बंदूककारांनी ऑस्ट्रिया-हंगेरीचे जुने ८ × ५० मिमी मॅनलिखर काडतूस निवडले. ८ मिलिमीटर म्हणजे इंग्रजी मापात ०.३१५ इंच, म्हणून भारतात ते.३१५ बोअर या नावाने रूढ झाले.

स्वातंत्र्यानंतर भारतीय आयुध निर्माणींनी ली-एनफिल्डच्या यंत्ररचनेवर आधारलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल बनविली आणि परवानाधारकांना विकली. त्यामुळे एकाच गावात बी.एस.ए.ची महायुद्धपूर्व .३१५ आणि आयुध निर्माणीची कित्येक दशकांनंतरची .३१५ शेजारी-शेजारी आढळू शकतात. दोन्ही एकच काडतूस उडवितात. पण पहिलीवर बर्मिंगहॅमचे प्रूफ ठसे, तर दुसरीवर भारतीय कारखान्याचे ठसे असतात.

काडतुसांवरील तळठसे

रायफलीसोबत जपून ठेवलेली जुनी काडतुसे हा पूरक पुरावा आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या .३०३ काडतुसांच्या तळाशी ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांमध्ये बाण व सोबत वर्षाचे अंक आढळतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणीचा ठसा ‘ओएफव्ही’ असा असतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. त्यांपैकी दारूगोळा बनविणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुणे येथे आहे.

काडतुसावरील वर्ष हे रायफल त्या सुमारास वापरात होती असे सुचविते. ती त्या वर्षी बनली असे नव्हे. जुनी काडतुसे उडविणे धोक्याचे असल्याने त्यांचा उपयोग केवळ वाचण्यापुरताच करावा असा संकेत आहे.

मराठवाड्यातील कागदपत्रे

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद आणि त्याच्या परिसरातील गावे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात तो भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले व सरकारी कागदांवर फसली सन लिहिला जाई. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या घराण्यांकडे असलेल्या परवान्यांचे वा खरेदीपत्रांचे वाचन करताना साल ओळखणे हेच पहिले काम असते.

हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. त्यात साधारणतः ५९० मिळविले असता ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ म्हणजे १९४७–४८. हिजरी सन मात्र चांद्र असल्याने त्याचे गणित वेगळे आहे. कागदावरील १३४० हा आकडा हिजरी समजल्यास इसवी सन १९२१–२२ येतो, तर फसली समजल्यास १९३०–३१. हा नऊ वर्षांचा फरक रायफलीची आवृत्ती ठरविताना निर्णायक ठरू शकतो. महिन्याचे नाव आजूर, दै, बहमन, तीर असे इराणी असल्यास सन फसली, आणि मोहरम, सफर, रजब असे असल्यास हिजरी, ही ओळखण्याची खूण आहे. हसनाबादच्या उत्तरेस व पूर्वेस असलेले खानदेश आणि वऱ्हाड हे प्रदेश ब्रिटिश प्रशासनाखाली असल्याने तेथील कागदांवर बहुधा इसवी सन आढळतो.

कागद आणि वस्तू यांच्यात विसंगती आढळल्यास वस्तूवरील मूळ ठशांना प्राधान्य दिले जाते. परवान्यावरील नोंद अनेकदा कारकुनाने ऐकून किंवा घाईत वाचून केलेली असते, बी.एस.ए. हे कारखान्याचे नाव ‘मॉडेल’च्या रकान्यात, तर पेटंटचा क्रमांक शस्त्रक्रमांकाच्या रकान्यात जाण्याचा संभव असतो.

बनावट रायफली

वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या व त्यांवर मुकुट, नाव आणि वर्षही कोरले. इंग्रजी अक्षरे उलटी पडणे, स्पेलिंग चुकणे, मुकुटाची रेखा ओबडधोबड असणे या त्यांच्या खुणा होत. सर्वांत बोलकी खूण म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्डवर ‘व्हीआर’ ही मुद्रा. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली आणि ही रायफल १९०२ मध्ये स्वीकारली गेली. म्हणजे अशी मुद्रा खऱ्या रायफलीवर असूच शकत नाही. नकली रायफलींचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे याची शाश्वती नसते.

सुरक्षितता

कालनिर्धारणातील चूक केवळ कागदावर राहत नाही. ‘८ मिमी’ असे ढोबळ नाव ८ × ५० मॅनलिखर (.३१५), ८ × ५६ मॅनलिखर-शोनाउअर आणि ८ × ५७ माउझर या तीन भिन्न काडतुसांना लागू होते आणि ती परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. ८ × ५७ मध्येही दोन उपप्रकार आहेत. जुन्या ‘जे’ प्रकारात गोळीचा व्यास .३१८ इंच, तर जर्मन सैन्याने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीकारलेल्या ‘एस’ प्रकारात .३२३ इंच असतो. शिकारी रायफली बनविणाऱ्यांनी जुनी, अरुंद नळी पुढेही अनेक वर्षे वापरली. अरुंद नळीत जाड गोळी उडविल्यास दाब धोकादायक पातळीवर जातो. म्हणून रिसीव्हर १९०५ नंतरचा आहे एवढ्यावरून नळी नव्या मापाची आहे असे गृहीत धरता येत नाही. नळीचे प्रत्यक्ष माप घ्यावे लागते.

बोल्टवरील व रिसीव्हरवरील क्रमांक जुळत नसल्यास बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असतो आणि काडतुसामागील मोकळी जागा बिघडलेली असू शकते. ती मापकाने तपासल्याशिवाय रायफल वापरू नये, असे मानले जाते. गंज काढण्यासाठी ठसे घासून टाकणे हे दुहेरी नुकसान होय: पुरावा जातो आणि क्रमांक पुसल्यास कायद्याचा भंग होतो.

कायदेशीर बाबी

भारतात बंदुका बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, तर पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्तांकडे असतो. .३०३ हे निषिद्ध बोअर असून .३१५ हे अनिषिद्ध बोअर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. त्यामुळे अनेक कुटुंबांना कोणते शस्त्र ठेवावे हे ठरविताना जुन्या रायफलीची ओळख पटविणे गरजेचे झाले.

अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जुनाट बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र हे दुरुस्ती करून वा न करता बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसेल, तर त्यास कायद्यातून सूट मिळते. केवळ वय पुरेसे नाही. शंभर वर्षांची ली-स्पीड आजही गोळी उडवू शकत असल्याने ती या सवलतीत बसत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात शिकारीवर बंदी आली. म्हणून येथील जुन्या शिकारी रायफली आता शिकारीची साधने न राहता वारसावस्तू किंवा संरक्षणाची शस्त्रे म्हणून उरल्या आहेत. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील छत्रपती शाहू संग्रहालयासारख्या ठिकाणी शस्त्रे आणि शिकारीच्या स्मृती एकत्र पाहावयास मिळतात. पोलीस दलांतूनही .३०३ रायफल हळूहळू हद्दपार झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

हे सुद्धा पाहा

• ली-एनफिल्ड रायफल
• माउझर
• रायफल कारखाना, ईशापूर
• दारूगोळा कारखाना, खडकी
• फसली सन
• शस्त्र अधिनियम, १९५९